मोशन कॅप्चर आणि पडद्यावरील नजर : एक चिकित्सा
अभिनेत्याची हालचाल आकड्यांत नोंदवून ती संगणकीय पात्रास देणाऱ्या तंत्रास 'मोशन कॅप्चर' असे म्हणतात. रॉबर्ट झेमेकिस दिग्दर्शित 'द पोलर एक्सप्रेस' (२००४) हा या तंत्राचा महत्त्वाचा प्रयोग होय. टॉम हँक्स यांच्या चेहऱ्यावर चिकटवलेल्या परावर्तक ठिपक्यांमुळे गाल, ओठ, भुवया यांची हालचाल नोंदली गेली. परंतु बुबुळांवर ठिपके लावणे अशक्य असल्याने नजर ॲनिमेटरांना स्वतंत्रपणे घडवावी लागली. परिणामी चेहरा एकाचा व नजर दुसऱ्याची अशी फारकत झाली आणि पात्रांचे डोळे निर्जीव असल्याची टीका झाली. पुढे 'बेवुल्फ'मध्ये (२००७) डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड लावून, तर 'अवतार'मध्ये (२००९) अभिनेत्याच्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला.

मात्र त्याआधीच्या 'द टू टॉवर्स'मधील (२००२) गोलमचा चेहरा ॲनिमेटरांनी अँडी सर्किस यांचा अभिनय पाहून हाताने साकारला होता; तरीही तो जिवंत वाटतो. यावरून असे दिसते की, सॉफ्टवेअर बिंदूंचे स्थानांतर मोजते, भावाचा अर्थ नव्हे. तो अर्थ ॲनिमेटरच लावतो. म्हणूनच चित्रपटसमीक्षेने अभिनेत्याबरोबर त्यालाही अभिनयाचे श्रेय देणे आवश्यक ठरते.