तिकिटाचे पैसे आणि पराभवाचे मोल

हरलेल्या संघाविषयी लिहिणे सोपे असते. त्या संघाच्या मागे दूरदेशी गेलेल्या आणि रिकाम्या हाताने परतलेल्या चाहत्यांविषयी लिहिणे तितके सोपे नसते. संघाच्या चुका मैदानावर उघड्या पडतात, त्यांची मोजदाद करता येते. चाहत्यांच्या मनात त्या रात्री काय घडते याची मोजदाद कोणत्याही धावफलकावर होत नाही. फुटबॉलसारख्या विषयाला या पानांत जागा कशासाठी, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या गोव्यात देवळाची पालखी आणि फातोर्ड्याचा सामना एकाच दिवशी आला तर घरोघर खल होतो, तेथील वाचकांस हा प्रश्न पडणार नाही अशी आमची खात्री आहे. शिवाय आम्हांस येथे जो विचार मांडावयाचा आहे तो खेळाचा कमी आणि निष्ठेचा अधिक आहे.

प्रसंग २० जानेवारी २०२६ चा. युरोपातील श्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत इंग्लंडचा मँचेस्टर सिटी हा संघ नॉर्वेतील बोडो या शहरी खेळावयास गेला होता. बोडो हे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले, सुमारे पन्नास हजार वस्तीचे शहर. जानेवारीत तेथे दिवसाचे काही तासच उजेड असतो आणि मैदान कृत्रिम हिरवळीचे. यजमान संघ बोडो-ग्लिम्ट १९१६ साली स्थापन झालेला; पण नॉर्वेचे अजिंक्यपद त्याच्या वाट्यास प्रथम आले ते २०२० साली. सिटीची संपत्ती आणि कीर्ती यांच्याशी त्याची तुलना करण्याचे कारणच नाही. आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा वाजले असता सामना सुरू झाला आणि पहिल्या अर्धातच कास्पर हॉग याने दोन मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. उत्तरार्धात येन्स पेटर हाउगे याने तिसरा गोल केला. सिटीच्या शेर्कीने एक गोल फेडला. पण लगेच रोड्रीला एका मिनिटाच्या आत दोन पिवळी कार्डे मिळून मैदान सोडावे लागले. निकाल ३-१. तीनच दिवसांपूर्वी आपल्याच शहरातील मँचेस्टर युनायटेडकडून हरलेल्या संघावर हा दुसरा घाव होता.

युरोपीय स्पर्धांच्या नियमाप्रमाणे मैदानाच्या क्षमतेच्या किमान पाच टक्के जागा पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी राखाव्या लागतात. बोडोचे मैदान लहान, त्यामुळे सिटीचे फक्त ३७४ चाहते तेथे होते. दीड हजाराहून अधिक किलोमीटर अंतर कापून, थंडीत कुडकुडत, त्यांनी हा पराभव पाहिला. नॉर्वेचाच सुपुत्र असलेला एर्लिंग हालांड याने सामन्यानंतर चाहत्यांची क्षमा मागितली. पुढे त्याच्यासह बेर्नार्डो सिल्वा, रुबेन डियास आणि रोड्री या संघनायकांच्या मंडळाने जाहीर केले की, त्या ३७४ जणांच्या तिकिटांचे पैसे खेळाडू स्वतः भरून देतील. रक्कम झाली ९,३५७ पौंड; म्हणजे माणशी सुमारे २५ पौंड.

या कृतीची बहुतेक ठिकाणी वाहवा झाली, आणि तिच्यामागील भाव निर्मळ होता याविषयी आम्हांसही शंका नाही. ही रीत नवीनही नव्हे. २००९ च्या नोव्हेंबरात विगन अॅथलेटिक संघ टॉटनहॅमकडून ९-१ असा हरला तेव्हा विगनच्या खेळाडूंनी आपल्या चाहत्यांस तिकिटाचे पैसे परत दिले. २०११ च्या ऑगस्टात मँचेस्टर युनायटेडने आर्सेनलचा ८-२ असा फडशा पाडला तेव्हा त्या दिवशी आलेल्या चाहत्यांस आर्सेनलने पुढील एका परगावच्या सामन्याचे तिकीट देऊ केले. २०२३ च्या एप्रिलात न्यूकॅसलमध्ये ६-१ अशी नामुष्की पत्करलेल्या टॉटनहॅमच्या खेळाडूंनीही तोच मार्ग धरला. म्हणजे मोठ्या पराभवानंतर तिकीट परत करणे हा इंग्लंडात जणू एक प्रायश्चित्तविधीच होऊन बसला आहे. विधी रूढ झाला की त्याचा अर्थ तपासून पाहणे हे टीकाकाराचे काम. म्हणून आम्ही तो येथे तपासू इच्छितो.

पहिली गोष्ट हिशेबाची. बोडोस जाणाऱ्या माणसाचा खरा खर्च तिकिटात नव्हता. विमानभाडे, मुक्काम, बुडालेली रोजी आणि गेलेली रजा यांपुढे २५ पौंड म्हणजे समुद्रातील ओंजळभर पाणी. तेव्हा नुकसानभरपाई म्हणून पाहिले तर ही रक्कम अपुरी आहे. पण क्षमायाचना म्हणून पाहिले तर ती अपुरी नाही, कारण क्षमायाचनेचे मोल रकमेवर ठरत नसते. आमचा आक्षेप आहे तो या दोन गोष्टींची सरमिसळ होते यावर. खेळाडू म्हणतात, "आम्ही चुकलो". आणि लगेच खिशात हात घालतात. त्या दुसऱ्या क्रियेमुळे पहिली वाचा अधिक खरी वाटावी असा हेतू असतो. प्रत्यक्षात मात्र जे नाते भावाचे होते त्यावर क्षणभर दुकानाची पाटी लागते. माल नादुरुस्त निघाला, पैसे परत घ्या!

येथे आमच्या वाचकांस आपल्या अनुभवाची आठवण करून द्यावीशी वाटते. भजनी सप्ताहासाठी कोणी दूरच्या गावाहून येतो आणि त्या रात्री बुवांचा आवाज बसलेला असतो. तो गृहस्थ परतताना गाडीभाडे मागत नाही. मात्र "आज सूर लागला नाही" असे म्हणण्याचा आपला अधिकार तो सोडीतही नाही. उलट तो दूरून आलेला असल्यामुळे त्याच्या बोलण्यास अधिक वजन येते. त्याला हवे असते ते इतकेच की, बुवांनीही तो चुकलेला सूर ऐकला असावा. सिटीच्या त्या चाहत्यांसही, आमच्या समजुतीप्रमाणे, खेळाडूंकडून हेच हवे होते, आणि हालांडच्या साध्या क्षमायाचनेत ते त्यांस मिळालेही होते.

सिटीच्या चाहत्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष खरी आहे. आज जगभर ज्या संघाचे नाव वैभवाशी जोडले जाते, तो १९९८-९९ च्या मोसमात इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पायरीवर उतरला होता. १९ डिसेंबर १९९८ रोजी यॉर्क सिटीसारख्या लहान संघानेही त्याला २-१ असे हरविले. त्या वर्षीही घरच्या मैदानावर सरासरी सुमारे २८,००० लोक येत राहिले. आज त्या संघाचे जुने चाहते आपल्या निष्ठेचा दाखला म्हणून जिंकलेले चषक पुढे करीत नाहीत. ते यॉर्कचे नाव घेतात. "आम्ही तेथे होतो" हे वाक्य ते ज्या अभिमानाने उच्चारतात तो अभिमान विजयाच्या दिवशी विकत घेता येत नाही. यॉर्कच्या त्या तिकिटाचे पैसे घेऊन तो दिवस परत करा, असे कोणी त्यांस सुचविले तर ते हसतील. बोडोच्या ३७४ जणांच्या हाती असेच एक तिकीट आले आहे. त्याचे मोल आज कळणार नाही. वीस वर्षांनी कळेल.

आता याच्या अगदी उलट टोकाकडे पाहू. ५ एप्रिल २०१८ रोजी युरोपा लीगच्या उपउपान्त्य फेरीत लिस्बनचा स्पोर्टिंग हा संघ माद्रिदला अॅटलेटिकोकडून २-० असा हरला. पराभव मोठा नव्हता. परतीचा सामना स्पोर्टिंगने १-० असा जिंकलाही. परंतु माद्रिदच्या पराभवानंतर क्लबच्या अध्यक्षांनी आपल्याच खेळाडूंवर जाहीरपणे, नावानिशी टीका केली. खेळाडूंनी जाहीर उत्तर दिले आणि अध्यक्षांनी १९ खेळाडूंस निलंबित करीत असल्याचे घोषित केले. पुढे देशांतर्गत स्पर्धेतील अखेरचा सामना हरून चॅम्पियन्स लीगची संधीही गेली, आणि १५ मे रोजी तोंडे झाकलेल्या माणसांचा एक जमाव अल्कोशेत येथील सरावकेंद्रात शिरला. खेळाडूंस मारहाण झाली. बास दोस्त या गोलवीराचे डोके फुटले. त्यानंतर अनेक खेळाडूंनी करार मोडून क्लब सोडण्याची भूमिका घेतली. जूनमध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान करून अध्यक्षांस पदावरून दूर केले.

हे सर्व चाहत्यांचे कृत्य नव्हते हे आम्ही आवर्जून सांगतो. सामान्य सभासदांनी मतपेटीतून जे उत्तर दिले तेच बहुसंख्यांचे खरे उत्तर होय. परंतु त्या जमावाच्या मनातील कल्पना तपासण्यासारखी आहे. "आम्ही इतके दिले, तेव्हा तुम्ही जिंकणे लागता" ही ती कल्पना. तिकिटाचे पैसे परत करणारा सद्भाव आणि सरावकेंद्रात शिरणारा उन्माद यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकाची दुसऱ्याशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरीही दोहोंच्या मुळाशी देण्याघेण्याची एक खातेवही आहे. एकीकडे ऋणको स्वतःहून देणे फेडतो, दुसरीकडे धनको काठी घेऊन वसुलीस येतो. निष्ठा त्या वहीत मावत नाही, म्हणून तिचा हिशेब दोन्हीकडे चुकतो.

चाहत्यांना ही वही कोणी शिकविली, हेही विचारले पाहिजे. मोठे क्लब वर्षभर त्यांस गिऱ्हाईक म्हणूनच वागवितात. दर मोसमास नवा पोशाख विकावयाचा, तिकिटांचे दर वाढवावयाचे, चित्रवाणीच्या सोयीसाठी सामन्यांच्या वेळा हव्या तशा फिरवावयाच्या, आणि पराभवाच्या रात्री मात्र त्यांनी कुटुंबीयांसारखे सोसावे अशी अपेक्षा धरावयाची, हे न्यायाचे नाही. ज्यास बारा महिने ग्राहक म्हटले त्याने एके दिवशी पावती पुढे केली तर आश्चर्य कसले? खेळाडूंनी एकदा २५ पौंड परत देण्यापेक्षा क्लबांनी परगावच्या प्रवाशांची वर्षभर कदर करावी, हे अधिक मोठे प्रायश्चित्त ठरेल.

मग पराभवानंतर चाहत्याने काय करावे? याचे उत्तर त्याच बोडोच्या मैदानाशी जोडलेल्या एका जुन्या हकीकतीत आम्हांस सापडते. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी कॉन्फरन्स लीग या त्याच वर्षी सुरू झालेल्या स्पर्धेत रोमा संघ तेथे ६-१ असा हरला. जोझे मोरिन्यो यांच्या हाताखालील कोणत्याही संघावर त्यापूर्वी एका सामन्यात सहा गोल झाले नव्हते. त्यांनी जबाबदारी आपली असल्याचे मान्य केले. पण त्याच दमात राखीव खेळाडूंची कुवत कमी असल्याचेही बोलून दाखविले. कबुलीस असा जोड दिला की तिचे तेज कमी होते, हे येथे नोंदविणे प्राप्त आहे. रोमहून सुमारे चारशे चाहते त्या रात्री तेथे होते. त्यांस राग आला नसेल असे आम्ही म्हणत नाही. न येता तरच नवल. दोन आठवड्यांनी रोममध्येही त्याच संघाशी २-२ अशी बरोबरीच झाली. एप्रिलमध्ये उपउपान्त्य फेरीत दोघांची पुन्हा गाठ पडली. बोडोस रोमा पुन्हा २-१ असा हरला. आणि मग १४ एप्रिल २०२२ रोजी रोमच्या ऑलिम्पिक मैदानावर निकोलो झानिओलोने तीन गोल केले आणि रोमाने ४-० असा विजय मिळविला. २५ मे रोजी तिराना येथे फेयेनूर्डला १-० असे हरवून रोमाने तोच चषक जिंकला, ज्या चषकाच्या वाटेवर त्याची सर्वांत मोठी मानहानी झाली होती.

या कथेचा उपयोग "धीर धरा, शेवट गोड होतो" असे सांगण्यासाठी आम्ही करणार नाही. शेवट पुष्कळदा गोड होत नाही, आणि तो झाला नसता तरी ऑक्टोबरमधील ते चारशे जण चुकले असे झाले नसते. आम्हांस त्यात दिसते ते एवढेच की, पराभवाची किंमत त्यांनी स्वतःपाशी ठेवली. त्यामुळे तिरानाच्या रात्री चषक उचलला गेला तेव्हा बोडोस गेलेल्या माणसाचा आनंद केवळ विजयाच्या दिवशी आलेल्या माणसापेक्षा वेगळा, अधिक खोल असणार. ज्याने सहा गोल मोजले त्यालाच त्या एका गोलाचे वजन पुरते कळते.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. चाहत्याने पराभवानंतर रागवावे, बोलावे, संघाच्या चुका नावानिशी दाखवाव्या. त्याचे मौन ही संघाची सेवा नव्हे. खेळाडूने त्याच्या समोर उभे राहावे, मान खाली घालून ऐकावे आणि कोणतीही सबब न जोडता "चुकलो" म्हणावे. पैसे द्यावयाचेच असतील तर खुशाल द्यावेत, घेणाऱ्यानेही संकोच न करता घ्यावेत. पण त्याने खाते मिटले असे दोघांपैकी कोणीही मानू नये. बोडोच्या मैदानाबाहेर अंधारात आणि गारठ्यात उभ्या असलेल्या त्या ३७४ माणसांचे संघाशी असलेले नाते त्या रात्री तुटले नाही, उलट एका कठीण आठवणीने अधिक घट्ट बांधले गेले. ती आठवण त्यांची आहे, आणि ती त्यांच्यापाशीच राहू द्यावी.