मोडशी आणि हैजा

'मोडशी' हा आपल्या आजीच्या बटव्यातला शब्द. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने तो गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधींवरील संवादग्रंथात पटकीसाठी नोंदवला. सोबत अरबी 'हैजा'ही दिला. पेडणे-डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती.

ग्रंथातला रुआनो पोथीनिष्ठ, तर ऑर्ता डोळ्यांनी पाहिल्यावरच मानणारा. ग्रीक काय, अरब काय, चूक दिसली की तो खोडून काढतो. या धीटपणाचे कौतुक होते ते रास्तच. पण ही कसोटी त्याच्या एकट्याची नव्हे. त्याच्या कित्येक शतके आधी अल्-राझीने गॅलनविषयीच्या शंकांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इब्न सीनाने 'कानून'मध्ये औषधपरीक्षेचे नियम घातले: औषध निर्भेळ हवे, गुण पुन्हापुन्हा यावा, परीक्षा माणसावरच व्हावी, सिंहाला किंवा घोड्याला मानवलेले माणसाला मानवेलच असे नाही. प्रत्येक रोगाला औषध आहे, या पैगंबरवचनाने अशा शोधाला धर्माचे बळ दिले. आजच्या औषधचाचण्यांतही हे नियम ओळखू येतात. म्हणजे ऑर्ता इब्न सीनाला खोडतो, ते इब्न सीनाच्याच मापाने.

ग्रंथाची उणीव दुसरीकडे आहे. वनस्पती आणून देणारी दासी आंतोनिया त्यात येते, पण जाणकार म्हणून तिला कोणी काही विचारत नाही. औषध कोणाच्या ज्ञानातून आले आणि कोणाच्या अंगावर पारखले गेले, याचा चोख हिशेब ठेवणे हीही वैद्यकाची नीतीच. ऑर्ताने शब्दांचा हिशेब ठेवला. माणसांचा अर्धाच राहिला.