पाठ सुधारावा की शिक्षक? : 'द टीचिंग गॅप' या ग्रंथाची चिकित्सा

शिक्षकांनी एकमेकांपासून शिकावे, हे तत्त्व सर्वांना मान्य असते. ते प्रत्यक्षात कसे आणावे, येथे गाडे अडते. या प्रश्नाला थेट भिडणारा ग्रंथ म्हणून जेम्स स्टिगलर व जेम्स हीबर्ट यांच्या 'द टीचिंग गॅप' (१९९९) या ग्रंथाचे महत्त्व आहे.

जर्मनीतील १००, जपानमधील ५० व अमेरिकेतील ८१ अशा इयत्ता आठवीच्या एकूण २३१ गणित-तासिकांच्या चित्रफिती हा या ग्रंथाचा पाया होय. अध्यापन ही सांस्कृतिक कृती आहे, असे लेखकद्वय म्हणते. विद्यार्थिदशेत पाहिलेले शिकवणेच शिक्षक नकळत पुढे चालवतो. म्हणून एकट्याने बदलणे त्याला कठीण जाते. यावर उपाय म्हणून ते जपानमधील 'जुग्यो केंक्यू', म्हणजे पाठ-अभ्यास, पुढे ठेवतात. शिक्षकांचा गट एक अडचण निवडतो आणि पाठ मिळून आखतो. एकजण शिकवतो, इतर निरीक्षण करतात. चर्चेनंतर पाठ दुरुस्त करून पुन्हा शिकवला जातो. पहिलीच्या वजाबाकीच्या पाठात पहिल्या उदाहरणासाठी कोणत्या संख्या घ्याव्यात, यावर शिक्षक किती बारकाईने विचार करतात, हे वर्णन ग्रंथात विशेष वाचनीय आहे.

ग्रंथाचे खरे बलस्थान येथेच आहे. चर्चेचा विषय शिक्षक नसून पाठ असतो. पाठ सर्वांनी मिळून आखलेला असल्याने तो फसला तर दोष एकाच्या माथी येत नाही. त्यामुळे मोकळेपणाने बोलणे शक्य होते.

तथापि ग्रंथाच्या युक्तिवादात दोन उणिवा जाणवतात. पहिली पुराव्याची. चित्रफिती आठवीच्या आणि पाठ-अभ्यासाचे सविस्तर उदाहरण पहिलीचे. आठवीच्या त्या तासिकांची गुणवत्ता पाठ-अभ्यासामुळेच आली, हे यातून सिद्ध होत नाही. दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. अध्यापन संस्कृतीत रुजलेले असेल, तर शिक्षकांनी एकत्र बसून विचार करण्याची रीतही तशीच रुजलेली असणार. मग ती दुसऱ्या देशात कशी रुजवावी? लेखक हळूहळू व सातत्याने सुधारणा करण्याचा सल्ला देतात. परंतु संस्थेतील अधिकाराच्या उतरंडीकडे त्यांचे पुरेसे लक्ष जात नाही.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने हाच मुद्दा कळीचा ठरतो. आपल्याकडे १९८७ पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजांमार्फत उद्बोधन व उजळणी वर्ग सुरू झाले. तेथे शिक्षक आपला वर्ग मागे ठेवून जातो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो. पाठ-अभ्यासात शिकण्याची जागा वर्ग हीच असते. मराठी, कन्नड व उर्दू माध्यमांतून आलेले विद्यार्थी प्रथम वर्षाला एकत्र बसतात, तेव्हा एखादी संकल्पना नेमकी कोणासाठी व कोठे निसटते, हे सहकाऱ्याच्या नजरेला लवकर दिसू शकते. मात्र निरीक्षण करणाराच गोपनीय अहवाल लिहिणारा असेल, तर कोणीही अडचण उघड करणार नाही. चर्चा कौतुकावर संपेल आणि इतिवृत्त तेवढे फाइलीत लागेल.

म्हणून ग्रंथातील पायऱ्यांची नक्कल करण्यापेक्षा दोन गोष्टी आधी साधणे आवश्यक आहे: वेळापत्रकात गटासाठी राखीव तास आणि मूल्यमापनापासून गटाची पूर्ण फारकत. या दोन्ही गोष्टी शिक्षकांच्या उत्साहावर नव्हे, तर संस्थाचालक व प्राचार्यांच्या निर्णयावर अवलंबून आहेत.