वऱ्हाडांतील जंगल-सत्याग्रह आणि ऐक्याचा पुरावा

१९३० च्या कायदेभंगानें लोक एक झाले, असें विधान आपल्याकडील बहुतेक लेखांत आढळतें. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें सिद्ध करण्याची रीत मात्र सदोष आहे. पुढाऱ्यांचीं नांवें, अटकेच्या तारखा व शिक्षेच्या मुदती दिल्या कीं ऐक्य सिद्ध झालें, असें धरून चालण्याचा प्रघात पडला आहे. सनदेवरील शिक्का अस्सल ठरला म्हणून तींतील जमीन प्रत्यक्ष कोण कसत होता हें ठरत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांचा १९३५ चा ग्रंथ काँग्रेसच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघाला. तें संस्थेचें इतिवृत्त होय, आणि त्याजकडे गांवकऱ्यांचा हिशेब मागणें अन्यायाचें होईल. पुढील लेखकांनीं तरी तो मागावयास हवा होता.

वऱ्हाडास समुद्र नाहीं. ६ एप्रिल १९३० रोजीं दांडीस मीठ उचललें गेल्यावर वऱ्हाडानें तें पूर्णेच्या खोऱ्यांतील खाऱ्या विहिरींत शोधलें. अकोला जिल्ह्यांतील दहीहंड्याचा सत्याग्रह याच खारपाण पट्ट्यांतला. हा पट्टा आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतही शेगांव-जळगांव जामोदकडे पसरला आहे. परंतु घाटावरील चिखली-मेहकरच्या कुणब्यास त्या खाऱ्या पाण्याचें काय? त्याचें दुःख चराईचें. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव रानांतील गवत कापलें, तेव्हां कायदेभंग प्रथमच गुरांच्या दावणीपर्यंत येऊन पोंचला. विळा कोणाच्याही घरीं असतो. (ज्या भूमीवर हें घडलें ती १९०२ च्या करारान्वयें नांवापुरती निजामाचीच होती, हाही एक मौजेचा भाग.)

गवताची दोरी वळली म्हणजे हत्तीही बांधला जातो, हें हितोपदेशांतील वचन या ठिकाणीं सहज सुचतें. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. दोरींतील काड्या सारख्या असतात. येथील माणसें सारखीं नव्हतीं. चिखलीचे पंढरीनाथ पाटील यांनीं जोतीराव फुल्यांचें चरित्र १९२७ सालीं प्रसिद्ध केलें होतें, आणि ज्या जिल्ह्यांत हा विचार रुजला तेथें शहरांतल्या पांढरपेशा पुढाऱ्यांच्या हांकेला बहुजनसमाजानें ओ दिली असेल तर ती विनाकारण खास नव्हे. शिवाय शस्त्र नसलें तरी या लढ्याची किंमत सर्वांस सारखी पडली नाहीं. सधन शेतकऱ्यास दंड सोसतो. भूमिहीनाची एकुलती गाय कोंडवाड्यांत गेली तर त्याचें दूध बंद होतें. अशा दोघांनीं एकाच दिवशीं रानांत पाऊल टाकलें असेल, तर त्यास ऐक्य म्हणावें. केवळ सभेची गर्दी मोजून म्हणूं नये.

हा पुरावा आत्मचरित्रांत सांपडणार नाहीं. तो चराईच्या परवान्यांत, दंडाच्या पावत्यांत, कोंडवाड्याच्या वहींत आणि पाटील-पटवाऱ्यांच्या दप्तरांत आहे. पेशवाईचा मोडी कागद दिसला कीं आपण हात पुढें करतों. हीं दप्तरें मात्र मोडींतलीं असूनही रद्दीच्या भावानें जातात. मेहकर, चिखली वा मलकापूरकडील कोणा संग्राहकाजवळ परवान्यांचें बाड असेल, तर त्यानें १९२९ व १९३० च्या पावसाळ्याचीं पानें शेजारीं ठेवून पाहावीं: परवाना घेणारे किती घटले, आणि ते गांवाच्या कोणकोणत्या आळींतले.