औशाच्या दरवाजातून 'रेसिडेंट ईव्हिल'

औसा, उदगीर, कंधार. लातूर-नांदेडच्या या भुईकोटांतून जो निवांत हिंडला आहे, त्याला 'रेसिडेंट ईव्हिल' (2002) हा सिनेमा लवकर उमगेल, असं मला वाटतं. खंदक ओलांडला तरी किल्ला सहजासहजी आत घेत नाही. दरवाजा, वळण, उंच तटांमधली चिंचोळी जागा, पुन्हा दरवाजा. पहिला फोडून आलेला शत्रू मधेच कोंडावा आणि वरून त्याच्यावर मारा व्हावा, यासाठीच ही रचना. शिपायाच्या आधी तिथे वास्तू लढते.

दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसनने गेममधून उचलली ती हीच गोष्ट. कॅपकॉमचा मूळ गेम 1996चा. मिला योवोविचने साकारलेली नायिका ॲलिस त्यात नव्हतीच. पण त्या गेममध्ये खोली बदलताना पडद्यावर फक्त एक दार सावकाश उघडायचं आणि खेळणाऱ्याचा अर्धा जीव तिथेच जायचा. सिनेमानं ते दार जपलं. जमिनीखालच्या 'हाइव्ह' प्रयोगशाळेचा नकाशा तो मधूनमधून दाखवत राहतो, त्यामुळे आपण किती खोल उतरलोय आणि वर यायला किती उरलंय, हे कायम डोक्यात घोळत राहतं.

लेझरचा बोळ तर पुन्हा पुन्हा पाहावा असा. पांढरा, स्वच्छ, रिकामा. 'हाइव्ह'मध्ये उतरलेल्या सशस्त्र पथकातले चौघं आत असताना दारं बंद होतात. प्रकाशाची एक बारीक रेघ सरळ चालत येते. पहिल्या खेपेला खाली वाकणारा वाचतो. पुढच्या खेपेला रेघ ऐनवेळी उंची बदलते; ती समोरच्याची हालचाल बघतेय, हे तेव्हा कळतं. शेवटी उरतो तो कॉलिन सामनचा कप्तान. येणाऱ्या रेघेचा अंदाज घेत तो तयारीत उभा राहतो, आणि त्या एका रेघेची जाळी होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत. आता काही उपाय नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटतं, आणि अँडरसन तो चेहरा क्षणभर आपल्यासमोर धरतो. रक्ताचा सडा नाही, किंकाळी नाही. भयपटात इतकी काटकसर क्वचितच पाहायला मिळते.

या बोळाची मालकीण रेड क्वीन, लहान मुलीच्या रूपात बोलणारा संगणक. सगळ्या कर्मचाऱ्यांना तिनेच मारलेलं असतं, विषाणू बाहेर जाऊ नये म्हणून. पथक तिला बंद करतं, तशी दारं उघडतात आणि आतली मेलेली, पण विषाणूमुळे पुन्हा उठलेली माणसं मोकळी सुटतात. किल्ल्याचे दरवाजे बाहेरच्याला अडवतात. इथे बाहेरचं जग वाचवायला आतल्यांना अडवलं होतं. जिला खलनायिका समजत होतो तिचा हिशेब बरोबर होता, ही जाणीव मला झॉम्बींपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

संगणकावर घडवलेला 'लिकर' राक्षस आज कच्चा वाटतो, पथकातले बरेच जण चेहरा लक्षात राहण्याआधीच मरतात. मिशेल रॉड्रिगेझची रेन मात्र चावे सोसत, हळूहळू खचत जाते, आणि तिची काळजी वाटत राहते.

2016पर्यंत या मालिकेचे सहा सिनेमे आले. 2004मध्ये कथा शहरभर पसरली, 2007मध्ये वाळवंटात गेली. पैसा वाढला, स्फोट वाढले, पण पळायला चारी दिशा मोकळ्या झाल्या आणि पहिल्या सिनेमातली ती कोंडी परत कधी जमली नाही.