मगरपट्टा: मोजलं कोणाला?

हडपसरची मगरपट्टा सिटी आपल्याला ‘यशस्वी मॉडेल’ म्हणून शिकवतात. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे शेअर घेतले. कल्पना भारीच आहे. पण निष्कर्ष तपासा. ज्याच्या नावावर जमीन नाही, तो शेतमजूर या हिशेबात येतच नाही. म्हणजे ‘जमीनमालकांचा फायदा झाला’ एवढंच म्हणता येतं; ‘गावाचा फायदा झाला’ हे नाही. शिवाय यातली बरीच कुटुंबं मगर भावकीतली. एवढा आपसातला विश्वास दुसरीकडे असेलच असं कसं धरायचं? सिनॉप्सिस लिहिताना म्हणूनच आधी विचारा: आपण मोजलं कोणाला, आणि वगळलं कोणाला?