यंत्रशिशू आणि त्याचा शिक्षक

अ‍ॅलन ट्युरिंगचा ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिकाच्या ऑक्टोबर १९५० च्या अंकातील निबंध आज ज्या भागासाठी उद्धृत केला जातो, तो त्याचा सर्वांत दुबळा भाग होय, असे माझे मत आहे. टंकलिखित उत्तरांवरून मनुष्य कोण व यंत्र कोण हे परीक्षकाने ओळखावयाचे, ही अनुकरणक्रीडा सर्वांस ठाऊक असते. सुमारे पन्नास वर्षांत, पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर, सामान्य परीक्षकाचा निर्णय बरोबर ठरण्याची शक्यता शेकडा ७० हून अधिक राहणार नाही, हे भाकीतही पुनःपुन्हा सांगितले जाते. निबंधाचा अखेरचा विभाग मात्र बहुधा वाचलाच जात नाही. वस्तुतः ट्युरिंगचे खरे प्रतिपादन तेथेच आहे.

तत्पूर्वी त्याने नऊ आक्षेपांचा परामर्श घेतला आहे. पूर्वपक्ष इतक्या सचोटीने मांडणारे लेखक विरळा. (अतींद्रिय ज्ञानाचा आक्षेप त्याने एवढ्या गांभीर्याने घ्यावा, याचे मात्र नवल वाटते.) यांपैकी सहावा आक्षेप लेडी लव्हलेसचा. बॅबेजच्या विश्लेषक यंत्रावरील मेनाब्रेयाच्या लेखाच्या भाषांतरास तिने १८४३ साली टिपा जोडल्या. हे यंत्र स्वतः काही निर्माण करण्याचा दावा करीत नाही, जे करण्याची आज्ञा कशी द्यावी हे आपणांस ठाऊक असेल तेवढेच ते करते, असे तीत म्हटले आहे. यावर ट्युरिंगचे उत्तर असे की, यंत्रे आपणांस वारंवार चकित करतात. हे उत्तर लंगडे आहे. आपण घाईने हिशेब मांडला व तो चुकला, तर चकित होण्याचे कारण आपल्या ठायी असते, यंत्राच्या ठायी नव्हे. एखादी गोष्ट ठाऊक असणे म्हणजे तिचे सर्व परिणाम ठाऊक असणे नव्हे, हा त्याचा मुद्दा खराच. पण तेवढ्याने यंत्राची स्वतंत्रता सिद्ध होत नाही.

खरे उत्तर अखेरच्या विभागात येते. प्रौढ मनाची सर्व सिद्धता हाताने लिहून काढावयाची, तर सुमारे ६० माणसांना ५० वर्षे अखंड खपावे लागेल, आणि तेही एक कागद वाया न जाता, असा हिशेब ट्युरिंग मांडतो. मग प्रौढाऐवजी बालकाचे मन घडवून त्यास शिक्षण का देऊ नये? बालकाचा मेंदू म्हणजे दुकानातून आणलेल्या वहीसारखा: यंत्रणा थोडी, कोरी पाने पुष्कळ. १९४७ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढील व्याख्यानात, यंत्र अस्खलनशील असावे ही अपेक्षा असेल तर ते बुद्धिमान असू शकणार नाही, असे त्याने म्हटले होते. शिशूची कल्पना ही त्याच विचाराची परिणती आहे. जो शिकतो तो चुकतो.

याच ओघात ट्युरिंग एक विधान करतो: शिकणाऱ्या यंत्राच्या अंतरंगात नेमके काय चालले आहे, याविषयी त्याचा शिक्षक बव्हंशी अनभिज्ञ राहील. लव्हलेसच्या आक्षेपाचा पाया येथे खचतो, कारण आज्ञा देणारा आपण काय आज्ञा दिली हे जाणतो, या गृहीतावर तो उभा आहे. परंतु ट्युरिंगने हे विधान शिष्याचे केवळ एक वैशिष्ट्य म्हणून नोंदविले. त्यातील भय त्याला जाणवले नाही, किंवा जाणवून त्याने ते बाजूस ठेविले.

ते भय नॉर्बर्ट विनरने १९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात बोलून दाखविले. आयबीएममधील आर्थर सॅम्युएलने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चेकर्स खेळणारे गणकयंत्र ८ ते १० तासांच्या खेळानंतर आपल्या कर्त्याहून सरस खेळू शकते, असे आढळले होते. विनरचे म्हणणे असे की, यंत्राची गती आपल्या विचाराहून अधिक असेल, तर त्यास वेळीच आवरणे आपणांस साधणार नाही. म्हणून त्यास दिलेला हेतू आपल्या खऱ्या हेतूशी जुळतो की नाही, याची आधीच खात्री करून घेतली पाहिजे. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, सॅम्युएलने प्रत्युत्तर दिले: यंत्रास इच्छा नसते, त्यात घातल्यावाचून त्यातून काही बाहेर येत नाही. स्वतःच्या यंत्राकडून हरण्याची सिद्धता करणाऱ्या माणसानेच लव्हलेसचा पक्ष घ्यावा, ही गंमतच म्हणावयाची.

आजची भाषायंत्रे अफाट मजकुरावर शिकविली जातात, आणि त्यांच्या अंतर्गत क्रियांचा शोध त्यांच्या कर्त्यांनाही स्वतंत्र संशोधन करून घ्यावा लागतो. यंत्रात घातले तेच बाहेर येते हे मान्य केले, तरी काय घातले गेले हे शिक्षकासच सांगता येत नसेल, तर त्या मान्यतेस कितपत अर्थ उरतो, याचे उत्तर सॅम्युएलच्या लेखात सापडत नाही.